बोट हलण्याआधीची बोलणी

आखाजीला खानदेशात चूल पेटते, चुलीवर पालथे खापर चढते आणि मांडे करणारी बाई पाटावर बसते. वस्त्रगाळ गव्हाचे सैलसर मळलेले पीठ, त्यात भरलेले पुरण. गोळा थोडासा लाटायचा आणि मग लाटणे बाजूला ठेवायचे. पुढचे सगळे काम हातांवर. पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर जाते, मनगटावरून कोपराकडे पसरत जाते, स्वतःच्याच वजनाने ताणली जाते. दोन्ही हात तिला फिरवत राहतात आणि शेवटी ती कुठेही न फाटता खापरावर जाऊन बसते. एक हात क्षणभर आधी सुटला तर पोळी फाटणार, क्षणभर जास्त थांबला तर एका बाजूला जाड राहणार. वर्षानुवर्षे मांडे करणाऱ्या बाईला हा हिशेब विचारला तर तिला तो सांगता येत नाही. तो तिच्या हातात आहे, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो.

हिशेब मांडला जातो मेंदूत, आणि तिथेही एकाच जागी नाही. उजव्या हाताला हुकूम देणारा भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, डाव्या हाताचा उजव्या अर्ध्यात. या भागाला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. त्याच्या पुढच्या अंगाला हालचालीची निवड आणि तयारी करणारे प्रीमोटर क्षेत्र. दोन्ही अर्धे एकमेकांना टेकतात तिथे, आतल्या बाजूला, एकामागून एक येणाऱ्या हालचालींची जुळणी लावणारे सप्लिमेंटरी मोटर क्षेत्र. आणि मागे, मानेच्या वरच्या बाजूला, चुका वेळेत पकडणारा लहान मेंदू. या सगळ्यांची आपसात सतत बोलणी चाललेली असतात. कोणी कोणाला पुढे रेटतो, कोणी कोणाला थोपवून धरतो. मांडा फाटतो की अखंड उतरतो हे त्या बोलण्यांवर ठरते. लकव्याने पडलेला हात पुन्हा उठतो की नाही, हेही पुष्कळसे त्यांच्यावरच अवलंबून असते.

ही बोलणी जाग्या माणसाच्या मेंदूत, कवटीला ओरखडाही न काढता तपासण्याची एक रीत आता चाळीस वर्षांची झाली आहे. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरायचे, त्यातून क्षणभर जबरदस्त वीज सोडायची आणि निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूच्या ठरावीक भागाला जागे करायचे. डॉक्टर मंडळी तिला टीएमएस म्हणतात. मराठीत तिला चुंबकीय मेंदू-उत्तेजन म्हणता येईल. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला या विषयाची नीट, अतिशयोक्ती न करता ओळख व्हावी, हा या प्रस्तावनेचा हेतू.

धुळ्याच्या वाचकासाठी प्रस्तावना लिहायची म्हटली की वि. का. राजवाड्यांचे नाव आठवतेच. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तेव्हा त्यांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेने मराठीतल्या या लेखनप्रकाराची उंचीच वाढवली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी गावात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागद हाती असल्याशिवाय विधान करायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. मेंदूच्या अभ्यासात असा अस्सल पुरावा मिळवणे मात्र फार काळ जवळपास अशक्य होते, आणि तो मिळवण्याच्या घाईत काही वेळा माणुसकी सुटली.

१८७० साली गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघा जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर विजेचा सौम्य प्रवाह लावला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालीची जागा आहे, हे पहिल्यांदा दिसले. चारच वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीच्या रॉबर्ट्‌स बार्थोलो या डॉक्टरने हा प्रयोग माणसावर केला. मेरी रॅफर्टी नावाच्या बाईच्या कवटीला व्रणामुळे भोक पडले होते आणि मेंदू दिसत होता. त्याने त्यात सुया घातल्या, वीज सोडली. हात-पाय हलले. प्रवाह वाढवल्यावर तिला झटके आले आणि काही दिवसांतच ती वारली. त्या काळातल्या डॉक्टरांनीही त्याला दोष दिला. मेंदूच्या विज्ञानाचा इतिहास सांगताना हे नाव गाळून पुढे जाणे योग्य नाही. मेरी रॅफर्टीने जे भोगले ते कोणालाही भोगावे लागू नये, ही या शास्त्राची पहिली अट आहे.

पुढे कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड यांनी फिटच्या शस्त्रक्रियांच्या वेळी, जाग्या रुग्णांच्या संमतीने, मेंदूच्या पृष्ठभागावर विजेची टोके टेकवत नकाशा काढला. १९३७ साली एडविन बोल्ड्री यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला तो नकाशा आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाहतो. त्यात हात आणि ओठ अवाढव्य, पाठ आणि मांडी चिमुकली. ज्या अवयवाचे काम नाजूक त्याला मेंदूत जागा जास्त.

पण नकाशात जागा कळतात. जागांमधली बोलणी कळत नाहीत. शिवाय पेनफील्डच्या टेबलावर आलेला प्रत्येक मेंदू आजारी होता. निरोगी माणसाची कवटी कोण उघडू देईल?

१९८० साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी बंद कवटीवरूनच विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला. रीत चालली, पण कातडी आणि हाड विजेला फार अडवतात. मेंदूपर्यंत थोडी वीज पोचावी म्हणून वर बरीच द्यावी लागते आणि ती चांगलीच दुखते. दुखण्यावर तोडगा काढला शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला नियम त्यांनी वापरला: बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते. चुंबकीय क्षेत्राला हाड अडवत नाही. म्हणून वीज बाहेरून ढकलण्याऐवजी ती मेंदूच्या आतच निर्माण करायची. १९८५ साली बार्कर, रेझा जलीनूस आणि इयन फ्रीस्टन यांचा छोटासा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. जपानच्या शोगो उएनो यांनी १९८८ मध्ये इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे वापरले, त्यामुळे नेम बराच नेमका झाला.

प्रयोगाची खोली साधी असते. माणूस हात सैल सोडून खुर्चीत बसतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागावर एक छोटी चकती चिकटवलेली असते, दुसरी तर्जनीच्या सांध्यावर. तर्जनी बाजूला नेणारा स्नायू तिथे आहे. त्याची वीज सहज टिपता येते, म्हणून हजारो प्रयोगांत तोच वापरला गेला आहे. कानात बोळे, कारण वेटोळे ‘टक्‌’ असा जोरकस आवाज करते. संशोधक वेटोळे टाळूच्या थोडे बाजूला, विरुद्ध हाताच्या जागेवर, धरतो. यंत्रात साठवलेली वीज सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात वेटोळ्यातून धावते. प्रवाह हजारो अँपिअरचा आणि क्षेत्र एमआरआय यंत्राच्या तोडीचे, पण टिकते निमिषभरच. टक्‌. माणसाने काहीही ठरवलेले नसताना तर्जनी उडते. पडद्यावरची सपाट रेघ सुमारे २० मिलिसेकंदांनी वर-खाली होते. मेंदूपासून मणक्यात, तिथून दंडातून बोटापर्यंत हुकूम पोचायला लागलेला तो वेळ. त्या लाटेची उंची हे या शास्त्राचे चलन आहे. लाट उंच तर हालचालीचे केंद्र तल्लख, लाट बुटकी तर कोणीतरी त्याला दाबून धरले आहे.

दाबून धरणारा कोण, हे शोधण्यासाठी दुसरे वेटोळे आणावे लागले, आणि खरी मजा तिथे सुरू होते. रेल्वेचा नकाशा पाहून भुसावळहून कुठकुठले फाटे फुटतात हे समजते. पण कोणत्या रुळावर गाडी खरोखर धावते, कोणत्या दिशेने आणि किती वेळात पोचते, हे गाडी सोडल्याशिवाय समजत नाही. एमआरआय मेंदूतले रूळ दाखवते, कुठे वर्दळ आहे तेही दाखवते. गाडी सोडून पाहण्याचे काम टीएमएसचे.

१९९२ साली अँड्रिआस फर्बर्ट, अल्बेर्तो प्रिओरी, जॉन रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हेच केले. एक वेटोळे मेंदूच्या एका अर्ध्यावर, दुसरे दुसऱ्यावर. नुसत्या दुसऱ्या वेटोळ्याने हाताची जी लाट यायची, ती आधी मोजून ठेवली. मग पहिल्या वेटोळ्याचा ठोका आधी द्यायचा, थोडे थांबायचे आणि दुसरा द्यायचा. अंतर सुमारे ६ ते ३० मिलिसेकंदांचे असले की दुसरी लाट स्पष्टपणे खुजी झाली. एका अर्ध्याने दुसऱ्याला ‘थांब’ म्हटले होते, आणि तो निरोप दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या कोट्यवधी तंतूंच्या जाड पट्ट्यातून गेला होता. पट्टा जखमी झालेल्या रुग्णांत हा परिणाम मिळाला नाही, त्यामुळे रस्ता तोच यात शंका उरली नाही. एका हाताने काम करताना दुसऱ्याने गप्प बसायचे आणि दोन्ही हातांचे काम असले की तोच लगाम ढिला करायचा, ही मेंदूची रोजची कसरत आहे. खापरावर पोळी टाकणाऱ्या बाईच्या हातांमागे ती सेकंदाच्या शंभराव्या भागांत चाललेली असते.

पुढच्याच वर्षी कुजिराई आणि सहकाऱ्यांनी एकाच वेटोळ्यातून दोन ठोके पाठोपाठ दिले. पहिला इतका हलका की त्याने बोट हलूच नये. तरीही त्याने दुसऱ्याचा परिणाम बदलला: अंतर १ ते ६ मिलिसेकंद असेल तर लाट घटली, १० ते १५ असेल तर वाढली. मोटर कॉर्टेक्सच्या आतही आवरणारे आणि उचलून धरणारे असे दोन गट आहेत, हे त्यातून दिसले. लिहिताना बोटे आखडण्याच्या विकारात, ज्याला लेखनिकाचा आखडा म्हणतात, आवरणाऱ्या गटाचा जोर कमी पडतो हेही याच रीतीने पुढे आले. नको त्या स्नायूंना गप्प करता येत नाही, म्हणून सगळेच एकदम आवळतात.

लहान मेंदूचा निरोप पकडला जपानच्या योशिकाझू उगावा यांनी. १९९५ साली त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला ठोका दिला आणि ५ ते ७ मिलिसेकंदांनी मोटर कॉर्टेक्सवर दुसरा. लाट घटली. लहान मेंदूच्या बिघाडामुळे तोल जाणाऱ्या रुग्णांत ती घटण्याचे प्रमाण कमी होते. इथे मुंबईच्या एका कामाची आठवण ठेवायला हवी. १९७१ साली डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी नऊ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आजार ‘ब्रेन’ या नियतकालिकात नोंदवला: चाल अडखळते, तोल जातो आणि डोळे एका जागेवरून दुसरीकडे फार सावकाश वळतात. तो लहान मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा वेगळा प्रकार होता आणि पुढे जनुकशास्त्रानेही त्याला स्वतंत्र स्थान दिले. वाडियांकडे ना वेटोळे होते, ना एमआरआय. रुग्णाच्या डोळ्यांकडे नीट पाहणे एवढेच साधन होते. यंत्रे आली तरी त्या पाहण्याची गरज संपलेली नाही.

प्रीमोटर क्षेत्राची गोष्ट या सगळ्यात रंजक. कोणता हात पुढे करायचा, डावा की उजवा, हा निर्णय होताना प्रीमोटर क्षेत्र दुसऱ्या बाजूच्या मोटर कॉर्टेक्सशी काय बोलते, हे जाकोमो कोख यांनी २००६ साली दोन वेटोळ्यांनी मोजले. इशारा मिळाल्यापासून सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात हा संवाद उठून विरूनही जातो आणि कोणता हात निवडला जातो आहे यावर त्याची दिशा ठरते. हात अजून हललेलाही नसतो. २००७ साली ऑक्सफर्डमध्ये जॅसिंटा ओ’शे आणि सहकाऱ्यांनी डाव्या प्रीमोटर क्षेत्राला टीएमएसने काही काळ मंद केले. हालचाल निवडण्याच्या कामात फरक पडला नाही, कारण उजव्या बाजूच्या प्रीमोटर क्षेत्राने भार उचलला होता. मग त्या उजव्या भागालाही अडथळा आणला, तेव्हा मात्र काम बिघडले. भार खरोखरच उजवीकडून उचलला जात होता, याचा तो पुरावा. हालचालीच्या वेळी स्कॅनमध्ये एखादा भाग उजळतो म्हणून तोच ती हालचाल घडवतो असे होत नाही. तो भाग अडवला तर हालचाल अडते का, हे पाहिल्यावरच तसे म्हणता येते.

सप्लिमेंटरी मोटर क्षेत्राचे काम तर प्रत्यक्ष ऐकू येते. १९९७ साली क्रिस्तियान गेर्लोफ यांच्या प्रयोगात लोक इलेक्ट्रॉनिक पियानोवर बोटांचे पाठ केलेले क्रम वाजवत होते. वाजवता वाजवता मोटर कॉर्टेक्सवर ठोके दिले की चूक लगेच होई. सप्लिमेंटरी मोटर क्षेत्रावर दिले की चूक सुमारे सेकंदभराने येई, आणि तीही क्रम अवघड असला तरच. त्या क्षणीची बोटे ठीक चालत होती. बिघडली ती पुढची. पुढचे सूर आधी रचून ठेवण्याचे काम तिथे चालते, हे यातून कळले. तबल्यावर कायदा वाजवणारा, हार्मोनियमवर पलटे घोटणारा आणि एसटीच्या गिअरवर हात ठेवून घाट चढणारा, या सगळ्यांचा हात त्या क्षेत्राच्या भरवशावर पुढे जातो.

रियाजाने मेंदू बदलतो का, हेही वेटोळ्याने पाहिले गेले. अल्वारो पास्कुआल-लिओने यांनी १९९५ साली पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा धडा दिला: रोज दोन तास, पाच दिवस. रोज टीएमएसने बोटांच्या जागेचा नकाशा काढला आणि तो दिवसागणिक रुंदावत गेला. ज्यांनी बोट न हलवता मनातल्या मनात सराव केला त्यांचाही नकाशा बदलला. शैलेश कंटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१० साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेले काम फिजिओथेरपिस्टांनी मुद्दाम वाचावे असे आहे. लॉस एंजेलिसमधल्या त्या प्रयोगात काही जणांनी हाताची एकच हालचाल पुन्हा पुन्हा घोटली, काहींनी फरक करत केली. सराव संपताच टीएमएसने मेंदूचा एक भाग थोडा वेळ विस्कळीत केला. एकसुरी सराव केलेल्यांची आठवण मोटर कॉर्टेक्सला धक्का दिल्याने खचली. आलटून-पालटून सराव केलेल्यांची खचली ती कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागाला धक्का दिल्यावर. एकच हालचाल शिकण्याच्याही दोन वाटा आहेत, आणि सराव कसा केला यावर मेंदू वाट निवडतो. ‘रोज शंभर वेळा हात वर करा’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी याचा विचार व्हायला हवा.

इथून विषय लकव्याकडे वळतो, आणि खानदेशच्या वाचकाला त्याची सर्वांत जास्त गरज इथेच आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड उतरवणारा, शिरपूर-चोपड्याच्या शेतात कापूस वेचणारी, बाजारपेठेत दागिना घडवणारा, या सगळ्यांचे पोट हातावर. अंगावरून वारे गेले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, माणूस वाचेल का. दुसरा, हात चालेल का. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याला बहुतेक वेळा ‘बघू, व्यायाम करत राहा’ एवढेच उत्तर मिळते. महिने जातात, मालिशवाले होतात, लकव्यासाठी प्रसिद्ध ठिकाणांच्या फेऱ्या होतात. घरची माणसे त्यात पैसा आणि वेळ घालवतात, कारण त्यांना कोणी नेमके काही सांगितलेले नसते.

दोन्ही अर्ध्यांमधल्या ‘थांब’ या निरोपाचा लकव्याशी थेट संबंध आहे. निरोगी माणूस हात हलवण्याच्या बेतात आला की समोरच्या अर्ध्याचा दाब आपोआप ओसरतो. २००४ साली मुरासे, ज्युली ड्यूक, लिओनार्डो कोहेन आणि सहकाऱ्यांनी लकवा होऊन बराच काळ लोटलेल्या रुग्णांत तो मोजला. हालचालीचा क्षण येऊन ठेपला तरी निरोगी बाजूचा दाब आजारी बाजूवरून उठत नव्हता. आधीच दुबळ्या झालेल्या अर्ध्याला बलवान अर्धा बोलू देत नव्हता. यावरून उपचाराची एक सरळ कल्पना निघाली: निरोगी बाजूला टीएमएसने थोडे मंद करा, म्हणजे आजारी बाजू डोके वर काढेल. लहान प्रयोगांत ती आशादायक वाटली.

मग मोठी चाचणी झाली. अमेरिकेत १२ केंद्रांवर १९९ रुग्ण, लकव्याला ३ ते १२ महिने झालेले. काहींना खरे टीएमएस, काहींना यंत्राचा आवाज करणारे पण परिणाम नसलेले. दोन्ही गटांना हाताचे व्यायाम सारखेच. २०१८ साली निकाल आला: खऱ्या उपचाराच्या गटात ६७ टक्के सुधारले, खोट्याच्या गटात ६५ टक्के. फरक नगण्य. सुधारणा झाली ती दोन्हीकडे सारख्या असलेल्या व्यायामाने, असे मानायला भरपूर जागा आहे. हा निकाल लपवण्यासारखा नाही, उलट तो ठळकपणे सांगायला हवा. जिल्ह्याच्या गावी ‘लकवा बरा करणारे चुंबकीय यंत्र’ अशी पाटी लागली तर वाचकाला हे दोन आकडे ठाऊक असावेत.

कल्पना अपुरी का पडली, याचे उत्तर पुन्हा बोलण्यांतच आहे. हायडी योहान्सन-बर्ग यांनी २००२ सालीच दाखवले होते की लकवा झालेल्या काही रुग्णांत निरोगी बाजूचे प्रीमोटर क्षेत्र आजारी हाताला मदत करत असते. त्यावर ठोका दिला की आजारी हात मंदावतो, आणि हाताचे नुकसान जितके जास्त तितका तो जास्त मंदावतो. म्हणजे एका रुग्णाची निरोगी बाजू वाट अडवणारी, तर दुसऱ्याची हात देणारी. सगळ्यांना एकच उपचार दिला की काहींचा आधारच काढून घेतला जातो. कोणाची बाजू कोणती, हे आधी त्या रुग्णाच्या मेंदूला विचारावे लागेल. उपचाराचे यंत्र म्हणून टीएमएसचा जो गाजावाजा होतो, त्याहून प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून त्याची किंमत आज कितीतरी अधिक आहे. ते नुसते विकत घेण्यापेक्षा प्रश्न विचारायला शिकलेली माणसे तयार होणे जास्त महत्त्वाचे आहे.

याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमधले. ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हात किती सुधारेल याचा अंदाज बांधण्याची एक पायरीबंद रीत प्रसिद्ध केली. लकव्यानंतर तीन दिवसांच्या आत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट दोनच गोष्टी पाहतो: खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का आणि बोटे उघडता येतात का. दोन्हींना मिळून दहापैकी गुण. पाच किंवा जास्त मिळाले तर भवितव्य चांगले, यंत्राची गरजच नाही. पाचपेक्षा कमी असतील तरच पहिल्या आठवड्यात टीएमएसचा ठोका द्यायचा आणि हाताच्या स्नायूत लाट येते का ते पाहायचे. हात पूर्ण लुळा दिसत असूनही लाट आली, तर मेंदूपासून मणक्यापर्यंतचा रस्ता शाबूत आहे. अशा माणसाचा हात पुष्कळ सुधारू शकतो, त्याच्यावर मेहनत घेणे सार्थ आहे. लाट आली नाही तर लकव्याची एकूण तीव्रता पाहून पुढचा अंदाज. सुमारे ७५ टक्के रुग्णांत ही रीत बरोबर ठरली. निष्प्राण दिसणाऱ्या हाताची वाट आतून उघडी आहे, हे घरच्यांना पहिल्या आठवड्यातच सांगता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे!

भारतात हे शास्त्र नवखे नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये डॉ. प्रमोद कुमार पाल आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन आणि लहान मेंदूच्या आनुवंशिक आजारांत टीएमएसने मोटर केंद्रांची तपासणी केली आहे. त्याआधी टोरांटोला रॉबर्ट चेन यांच्या प्रयोगशाळेत दोन अर्ध्यांमधल्या दाबावरच त्यांनी काम केले होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. आशा किशोर यांनी पॅरिसच्या साबीन म्युनिए यांच्यासह पार्किन्सनच्या रुग्णांत लहान मेंदू मोटर कॉर्टेक्सची शिकण्याची क्षमता कशी बदलतो याचा शोध घेतला. औषध दीर्घकाळ घेतल्यावर काही रुग्णांच्या अंगात नको त्या हालचाली सुरू होतात. त्यामागे लहान मेंदूशी बिघडलेली बोलणी असावीत, हा त्या कामाचा धागा.

खानदेशात काय आहे? धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय तर आहेच. साक्रीच्या पाड्यांपासून मुक्ताईनगरपर्यंतचे रुग्ण इथे येतात. संशोधनाला लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट, पहिल्या तीन दिवसांतला रुग्ण, मोठ्या शहरांतल्या नामवंत संस्थांकडे पुष्कळदा उशिरा पोचतो. जिल्ह्याच्या रुग्णालयात तो पहिल्या दिवशी असतो. खांदा आणि बोटांचे गुण लिहिण्यासाठी एक वही आणि पाच मिनिटे लागतात. सहा महिन्यांनी त्याच रुग्णाला बोलावून हात कुठवर आला याची नोंद करायची. अशी काही वर्षांची वही साठली, तर टीएमएसचे यंत्र येईल त्या दिवशी त्याला विचारण्यासारखे प्रश्न तयार असतील. नोंदी नसताना यंत्र आले तर ते कोपऱ्यात झाकून ठेवले जाईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचे विषय हवे असतात. हा त्यांच्या दाराशी आहे, आणि तोही मराठी-अहिराणी बोलणाऱ्या रुग्णाला समजेल अशा भाषेत मांडता येण्याजोगा.

वाचकाने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नैराश्यावरचा उपचार म्हणून टीएमएसला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत तो मिळतो. तो वेगळा विषय आहे. नैराश्यात उपयोग झाला म्हणून लकव्यातही होईलच, असे कोणी सांगितले तर मानू नये. नियम पाळून केलेले टीएमएस सुरक्षित आहे. डोके थोडे दुखू शकते, फिट येण्याचा धोका असतो पण तो अत्यंत क्वचित. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल, छातीत पेसमेकर असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, तर यंत्राजवळ बसण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. आणि तोंड वाकडे झाले, हात पडला, बोबडी वळली, तर मालिश किंवा नवस करण्यात वेळ न घालवता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण सावरला की तिसऱ्या दिवशी घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे: खांदा उचलला जातो का आणि बोटे उघडतात का हे पाहून कागदावर लिहिले आहे का?